मुंबई मोठी कशामुळे झाली? आणि बंगळुरू, दिल्ली, हैदराबादच्या शर्यतीत ती मोठी राहील का?

'मुंबई भारी की दिल्ली?' 'बंगळुरूने मुंबईला मागे टाकलं का?' सोशल मीडियावर दर आठवड्याला यातला एक तरी वाद रंगलेला दिसतो. कुणी मरीन ड्राइव्हचा फोटो टाकतं, कुणी दिल्ली मेट्रोचा नकाशा. कुणी हैदराबादचे रुंद रस्ते दाखवतं, तर कुणी बंगळुरूच्या स्टार्टअपची यादी. खाली शेकडो कमेंट पडतात आणि वाद होता तिथेच राहतो.

पण हा वाद आजचा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरचं सगळ्यात श्रीमंत बंदर सुरत होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी देशातलं पहिल्या क्रमांकाचं शहर कलकत्ता होतं. मुंबईने आधी सुरतेला आणि मग कलकत्त्याला मागे टाकलं.

हे कसं घडलं, ते समजून घेतलं तर दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, मोठं शहर खरोखर कशाने मोठं होतं. आणि दोन, मुंबईला आज नेमका धोका कशाचा आहे.

सुरत श्रीमंत होती, मग मुंबई पुढे कशी गेली?

मुंबईची बेटं १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगिजांनी इंग्लंडच्या राजाला दिली, हे आपण शाळेत शिकलो. १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. तेव्हा या बेटांवर मिरवण्यासारखं काही नव्हतं. दलदल होती, रोगराई होती आणि प्यायच्या पाण्याची टंचाई होती.

याउलट सुरत हे मुघलांचं भरभराटीचं बंदर होतं. हज यात्रेची जहाजं तिथून सुटत. व्यापारी, सराफ, दलाल सगळे तिथे होते. पण व्यापाऱ्यांचं नशीब मुघल सुभेदाराच्या मर्जीवर अवलंबून होतं. १६६४ आणि १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापे घातले, तेव्हा हे श्रीमंत शहर स्वतःचं रक्षण करू शकत नाही, हे सगळ्यांना दिसलं. पुढे तापी नदीचं मुख गाळाने भरत गेलं आणि मोठ्या जहाजांची अडचण वाढली.

मुंबईकडे खोल, नैसर्गिक बंदर होतं. पण नुसत्या बंदरामुळे शहर होत नाही. कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याच्या काळात मुंबईत न्यायालय सुरू झालं आणि वेगवेगळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना तिथे येण्याचं आमंत्रण दिलं गेलं. दीवच्या नीमा पारख या वाणी व्यापाऱ्याने तर येण्याआधी धर्मपालनाच्या स्वातंत्र्याची लेखी हमी मागून घेतली. पारशांनी १६७० च्या दशकात मलबार हिलवर आपली दखमा बांधली. म्हणजे इथे नुसता धंदा करून परत जायचं नाही, इथेच राहायचं, हे त्यांनी ठरवलं होतं.

कंपनीने हे काही उदारपणाने केलं नाही. ओसाड बेटावर माणसं यावीत म्हणून तिला ते करावं लागलं. पण परिणाम मोठा झाला. १६८७ मध्ये कंपनीने आपलं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे जहाजबांधणीतले कारागीर सुरतेहूनच मुंबईत आले. त्यांच्या घराण्याने बांधलेली जहाजं ब्रिटिश आरमारात गेली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये जतन करून ठेवलेलं आहे.

कापूस, रेल्वे आणि गिरण्या

तरीही १८०० च्या आसपास मुंबई हे एक बरं चाललेलं बंदर होतं, एवढंच. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दख्खनचा मुलूख ब्रिटिशांकडे गेला आणि मुंबईच्या मागे मोठा प्रदेश उभा राहिला. पण मध्ये सह्याद्री होता.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे धावली. खरा बदल दहा वर्षांनी, बोर घाटातून रेल्वे वर गेल्यावर झाला. तो मार्ग खोदताना हजारो मजूर मेले. मुंबईच्या श्रीमंतीच्या गोष्टीत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. पण घाट ओलांडल्यामुळेच पुढे आतल्या मुलखातला कापूस थेट बंदरावर येऊ लागला.

त्यात १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे पाहू लागल्या. शहरात अक्षरशः पैशांचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला, कित्येक पेढ्या बुडाल्या. पण त्या पैशातून उभ्या राहिलेल्या इमारती, भराव घालून मिळवलेली जमीन आणि सट्टा-शेअरची सवय मागे राहिली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या आणखी जवळ आली. १८७५ मध्ये शेअर दलालांची संघटना स्थापन झाली. तेच आजचं बीएसई.

दुसरीकडे १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. त्यानंतर लालबाग, परळ, वरळी, भायखळा भागांत गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. यात एक महत्त्वाचा फरक आहे. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांवर बराच काळ ब्रिटिश कंपन्यांचा ताबा होता. मुंबईच्या बहुतेक कापड गिरण्या भारतीय भांडवलावर उभ्या राहिल्या. पारशी, भाटिया, गुजराती, बगदादी ज्यू अशा अनेक समाजांतले लोक मालक होते. त्यामुळे इथे कमावलेला पैसा बऱ्याच प्रमाणात इथेच पुन्हा गुंतवला गेला.

कोकणातला मुलगा मुंबईत टिकायचा कसा?

मालक, बंदर, रेल्वे ही झाली एक बाजू. गिरणीत काम करायला माणसं कुठून आली? मुख्यतः रत्नागिरीतून आणि घाटावरून, साताऱ्याकडून.

बोटीने आलेल्या मुलाच्या खिशात फार काही नसायचं. पण त्याच्या गावच्या मंडळाची चाळीत एक खोली असायची. एका खोलीत वीस-पंचवीस जण. पाळीप्रमाणे झोपायचं, म्हणजे एक उठला की दुसरा आडवा. जेवण खानावळीत, पैसे पगार झाल्यावर. नोकरी गाववाल्याच्या किंवा जॉबरच्या ओळखीने लागायची. पहिल्या पगारातून गावाला मनीऑर्डर जायची.

या खानावळी चालवणाऱ्या बहुतेक बायका होत्या. गिरण्यांत स्त्रियांची कामं कमी होत गेली तसा अनेकींचा संसार याच खानावळींवर चालला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं, ते याच बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी.

हे जगणं सुखाचं नव्हतं. १८९६ च्या प्लेगने या दाटीची किंमत दाखवून दिली. त्यानंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दादर-माटुंग्याची आखणी झाली, १९२० च्या दशकात बीडीडी चाळींच्या सुमारे १६ हजार खोल्या बांधल्या गेल्या. खोली एकच, संडास सामायिक. पण कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

मुंबईची मोठी ताकद इथे होती. ओळखपाळख नसलेला, पैसा नसलेला माणूस इथे पहिले सहा महिने काढू शकत होता. सहा महिने निघाले की पुढचं आयुष्य निघायचं.

मग कलकत्ता मागे का पडलं?

कलकत्ता काही कमी नव्हतं. ती ब्रिटिश भारताची राजधानी होती. विद्यापीठ, साहित्य, विज्ञान, रंगभूमी या सगळ्यांत ते शहर देशाच्या पुढे होतं. भारतातली पहिली मेट्रोसुद्धा १९८४ मध्ये तिथेच धावली.

पण त्याच्या पायाखालची जमीन टप्प्याटप्प्याने सरकली.

१९११ मध्ये राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक कलकत्त्यात सुरू झाली, पण १९३७ मध्येच तिचं मुख्य कार्यालय मुंबईत आलं. मुंबई कधीच देशाची राजधानी नव्हती, पण पैशाचा कारभार तिच्याकडे आला.

मग १९४७ ची फाळणी. ताग पिकवणारी बहुतेक शेतं पूर्व पाकिस्तानात गेली, गिरण्या मात्र हुगळीच्या काठी राहिल्या. लाखो निर्वासित शहरात आले. हुगळी नदी गाळाने भरत चालली होती, बंदराची क्षमता घटत होती. केंद्र सरकारने १९५० च्या दशकात मालवाहतुकीच्या दराचं समानीकरण केलं. त्यामुळे पोलाद देशभर सारख्याच दराने मिळू लागलं आणि खाणींच्या, कारखान्यांच्या शेजारी असण्याचा बंगाल-बिहारचा फायदा संपला. कापसाला असा नियम नव्हता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस घेराव, टाळेबंदी, राजकीय हिंसाचार सुरू झाला आणि कंपन्यांनी आपली कार्यालयं हलवायला सुरुवात केली.

कलकत्त्याचं दारही उघडंच होतं. लाखो लोकांना त्या शहराने सामावून घेतलं. पण आत काम आटत गेलं. शहर मोठं राहायचं तर येणाऱ्याला शिरायला वाट लागते आणि शिरल्यावर हाताला काम लागतं. दोन्हीपैकी एक गेलं की दुसऱ्याचा उपयोग राहत नाही.

आणि जे कलकत्त्याचं गेलं त्यातलं थोडं मुंबईला मिळालं. बिमल रॉय यांच्यासारखे दिग्दर्शक कलकत्त्याहून मुंबईत आले. फाळणीनंतर लाहोरच्या चित्रपटसृष्टीतली माणसंही इथेच आली. हिंदी सिनेमा मुंबईचा झाला, तो बराचसा बाहेरून आलेल्या माणसांमुळे.

टोलेजंग इमारत म्हणजे शहर नाही: हिऱ्यांचं उदाहरण

याचं ताजं उदाहरण पुन्हा सुरतेचंच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं. ही जगातल्या सगळ्यात मोठ्या कार्यालयीन इमारतींपैकी एक आहे. हिऱ्यांना पैलू पाडण्याचं काम सुरतेतच होतं, मग व्यापारही मुंबईच्या बीकेसीतून तिकडे जाईल, असं म्हटलं जात होतं. महाराष्ट्रात त्यावरून राजकारणही तापलं.

पण इमारत तयार झाली तरी बाजार लगेच उठून गेला नाही. एका बड्या व्यापाऱ्याने मुंबईतला कारभार सुरतेला नेला आणि काही महिन्यांतच तो परत मुंबईत आणला.

कारण हिऱ्याच्या व्यापाराला फक्त ऑफिस लागत नाही. परदेशी खरेदीदार, त्यांना आणणारी विमानं, कर्ज देणाऱ्या बँका, विमा, कस्टम्स, वकील, आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या शाळा असं सगळं एकमेकांच्या आसपास लागतं. हे जाळं विणायला पिढ्या जातात.

पण म्हणून मुंबईने निर्धास्त राहावं असंही नाही. सुरतेचं जाळं मुंबईत आलं, तेव्हा तेही हळूहळूच आलं होतं.

प्रतिस्पर्धी शहरं काय करत आहेत?

बंगळुरू: या शहराचा पाया सॉफ्टवेअरच्या आधीचा आहे. १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली, १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट, त्यानंतर बीईएल, इस्रो. शिकलेल्या अभियंत्यांची फौज आधी तयार झाली, आयटी कंपन्या नंतर आल्या. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली होती, पण १९८३ मध्ये ती बंगळुरूला गेली. आता मात्र वाहतूक कोंडी आणि २०२४ च्या उन्हाळ्यातलं पाणीसंकट ही या शहराची मोठी दुखणी आहेत.

दिल्ली: डिसेंबर २००२ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि तिचं जाळं साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे गेलं. गुरुग्राम, नोएडा यांच्यासह दिल्ली हा एकच मोठा रोजगाराचा पट्टा झाला. हिवाळ्यातली विषारी हवा ही तिची सगळ्यात मोठी अडचण.

हैदराबाद: १५८ किलोमीटरचा बाह्य वळण रस्ता आणि पसरायला मोकळी जमीन. मध्यमवर्गीय नोकरदाराला मुंबईच्या तुलनेत घर आवाक्यात वाटतं, हे त्याचं मोठं आकर्षण.

गिफ्ट सिटी: गांधीनगरजवळच्या या वित्तीय केंद्राला करसवलती आहेत. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र प्राधिकरणाचं मुख्यालयही गांधीनगरला करण्यात आलं. हे केंद्र बीकेसीत का नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात आजही विचारला जातो.

मुंबईचं खरं दुखणं: घर

शहररचनेचे अभ्यासक ॲलन बर्टो मोठ्या शहराकडे रोजगाराची बाजारपेठ म्हणून पाहतात. साधारण तासाभरात माणूस जितक्या जास्त नोकऱ्यांपर्यंत पोहोचू शकतो, तितकं शहर मोठं. लोकसंख्या एक कोटी असली, पण लोक आपापल्या कोपऱ्यात अडकलेले असले, तर ती दहा छोटी शहरं झाली.

या मोजपट्टीवर मुंबई दीर्घकाळ पुढे होती ती लोकलमुळे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. आज रोज ७० लाखांहून अधिक प्रवासी होतात. विरारची मुलगी चर्चगेटला आणि कल्याणचा मुलगा भायखळ्याला कमी पैशांत नोकरीला जाऊ शकतो, हे या लोकलचं देणं.

पण आता हीच व्यवस्था फाटायला आली आहे. उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचा मृत्यू झाला, तेव्हा काही दिवस चर्चा झाली. पण रूळ ओलांडताना आणि दारातून पडून होणारे मृत्यू ही इथली रोजची बातमी आहे.

लोक इतक्या लांबून का येतात? कारण जवळ घर परवडत नाही. आणि ते एका दिवसात झालेलं नाही.

- १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. भाडेकरूंना संरक्षण मिळालं, पण भाड्याने देण्यासाठी घरं बांधणं जवळपास थांबलं आणि जुन्या चाळींची डागडुजीही थांबली.
- जमीन कमी असूनही किती मजले बांधायचे यावर कडक मर्यादा राहिल्या. १९९१ च्या नियमावलीत मूळ एफएसआय शहरात १.३३ आणि उपनगरांत १ होता. पुढे जादा एफएसआय मिळू लागला, पण तो विकत घ्यावा लागतो किंवा पुनर्विकास योजनेतून मिळवावा लागतो. घराच्या किमतीत तो खर्च येतोच.
- १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली. १९९१ च्या नियमानुसार तिचा मोठा वाटा मोकळ्या जागांना आणि परवडणाऱ्या घरांना मिळणार होता. २००१ च्या बदलाने तो वाटा खूप कमी झाला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. तिथे मॉल आणि टॉवर आले.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतले दहातले चार लोक झोपडपट्टीत राहत होते. त्याच जनगणनेत मुंबईत ४.८ लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. आणि कुलाबा ते माहीम-सायन या मूळ शहराची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांत वाढली नव्हती, ती कमी झाली होती. त्याच वेळी ठाणे जिल्हा देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता.

गिरणी कामगारांचंच उदाहरण घ्या. घरांसाठी कामगार आणि वारसांचे सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. आतापर्यंत घरं मिळाली ती काही हजार कुटुंबांना. उरलेल्यांसाठी सरकारने शेलू आणि वांगणीचा पर्याय पुढे केला. ही स्टेशनं बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर आहेत. 'आम्हाला मुंबईतच घर द्या' ही मागणी घेऊन जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आझाद मैदानात उतरले. ज्यांच्या घामावर शहर उभं राहिलं, त्यांच्या नातवंडांना कामाला यायला दोन तास लागणार असतील, तर मुंबईने आपली जुनी ताकद गमावली असंच म्हणावं लागेल.

नवे पूल, मेट्रो, विमानतळ यांनी फरक पडेल का?

गेल्या काही वर्षांत मुंबईत मोठी कामं झाली. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आणि नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. मुंबईची पहिली मेट्रो २०१४ मध्ये आली, हे लक्षात घेतलं तर हा वेग चांगला आहे.

पण सगळ्याच कामांचा फायदा सारख्या लोकांना होत नाही. अटल सेतू आणि कोस्टल रोड मुख्यतः गाडीवाल्यांच्या उपयोगाचे आहेत. स्टेशनपासून घरापर्यंत नेणाऱ्या बेस्टच्या बस मात्र कमी होत गेल्या आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. म्हणजे पैसा नाही असं नाही. तो कशावर खर्च होतो, हा प्रश्न आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात हा प्रश्न विचारायला सभागृहात नगरसेवकही नव्हते.

मग कोणतं शहर भारी?

पुढच्या वेळी हा वाद दिसला, तर उंच इमारतींचे फोटो बाजूला ठेवून एक साधा हिशेब मांडता येईल.

बावीस वर्षांची एक मुलगी किंवा मुलगा. गाव बीड, चिपळूण किंवा आझमगड. पगार महिना २० हजार. ओळख एखाद-दुसरी. या माणसाला कोणत्या शहरात जात-धर्म न विचारता भाड्याची खोली मिळेल? तिथून कामावर तासाभरात, धड उभं राहून जाता येईल का? रात्री दहाला एकटीने परत येता येईल का? आणि ही नोकरी गेली तर त्याच शहरात दुसरी मिळेल का?

शेवटच्या दोन प्रश्नांवर मुंबई आजही बहुतेक शहरांच्या पुढे आहे. पहिल्या दोन प्रश्नांवर ती मागे पडत चालली आहे आणि हैदराबाद, बंगळुरूसारखी शहरं नेमकी तिथेच तिची माणसं ओढून घेत आहेत. म्हणूनच परवडणारी भाड्याची घरं, लोकलचे वाढीव मार्ग आणि पुरेशा बस या गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या, तरी मुंबईचं भवितव्य त्यांवरच ठरणार आहे.